एकशे चव्वेचाळीस फुटांचा रॅम्प

ओटर मार्श, विस्कॉन्सिन
४ नोव्हेंबर

ति. डेलमारदादास,

धाकट्या लव्हॉनचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं माझं ऐकत नाहीत हे तू जाणतोसच, तेव्हा सहा अंगांचा गोड मानून घे.) तिकडे ॲरिझोनात तुझा गुडघा, वहिनीचा दमा आणि तुमच्या अंगणातला तो ताडमाड निवडुंग ही तिन्ही मंडळी बरी असतील अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर सकाळपासून पाऊस आणि बर्फ यांचं कोणी पडायचं यावरून भांडण चाललंय, तुझा मेहुणा ऑरिन सर्दीने बेजार आहे, आणि गेल्या महिन्याभरात मी जितकी हताश झाले तितकी इस्पितळातल्या चार महिन्यांत झाले नव्हते. इस्पितळात निदान मला कोणी 'स्फूर्तिस्थान' म्हणत नव्हतं.

तुझं मागचं पत्र जूनमध्ये आलं. तिकडची हवा कोरडी आहे असं त्यात तीनदा लिहिलं होतंस. तू कोरड्या हवेसाठीच गेलास असं मीही सगळ्यांना सांगते, आणि सगळे मान डोलावतात. (मी पडले त्याच संध्याकाळी तू पहार घेऊन स्वतः बांधलेलं मचाण मोडलंस, फळी न् फळी जाळलीस आणि पुढच्याच वसंतात घर विकलंस, यात हवेचा संबंध कुठे येतो, असं विचारायचा चोंबडेपणा इथे एकट्या मर्लने, माझ्या जुन्या विद्यार्थ्याने, केला. त्याला मी गप्प केलं.) पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं मी ठरवून बसले आहे. हे पत्र शिकारीबद्दल आहे.

मी पडल्यानंतरचे तीन मोसम कसे गेले ते तुला कधी लिहिलं नाही. मोसम उघडायच्या शनिवारी पहाटे सगळं गाव नारिंगी जाकिटं घालून आमच्या खिडकीवरून जातं, आणि मी चाकांच्या खुर्चीत, त्या खिडकीत. जाताना प्रत्येक जण हात हलवतो. संध्याकाळी त्यातलेच चार जण हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन येतात आणि, आजाऱ्याला फळं द्यावीत तसं, दोन्ही हातांनी देतात. गेल्या साली आमच्या फ्रिझरमध्ये अकरा जणांची सॉसेजं होती. ऑरिनला बिचाऱ्याला रक्ताची शिसारी, जन्मभर पियानो सुरात लावण्यापलीकडे कोणाच्या तारेला हात न लावलेला माणूस, तो माझ्याकडे बघत बघत ती खायचा. मला घास उतरायचा नाही. दुसऱ्याने मारलेलं मी पन्नास वर्षांत खाल्लं नव्हतं, दादा, तुझं सोडून.

तर ऑगस्टमध्ये मर्ल टेस्मर घरी आला. मर्ल आठवतो ना? माझ्या बंदूक-सुरक्षेच्या वर्गात, बारा वर्षांचा असताना, 'रायफलचं तोंड नेहमी कुठे असावं?' या प्रश्नाला ज्याने 'पुढच्या बाजूला' असं उत्तर लिहिलं होतं, तोच. आता बेचाळिशीचा झालाय, पोट सुटलंय, आणि आपल्या बंदूक-गळ मंडळाचा, म्हणजे शिकारी आणि मासे धरणाऱ्यांच्या क्लबाचा, अध्यक्ष आहे. मला अजून 'बाई' म्हणतो. टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मंडळानं ठरवलंय. या साली शिकार सर्वांसाठी!"

मी विचारलं, "सर्वांसाठी म्हणजे कोणाकोणासाठी?"

"सध्या तरी तुमच्यासाठी," मर्ल म्हणाला.

मला भरून आलं हे कबूल करते. (हे मर्लला कळवू नकोस.) त्या क्षणी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. दार बंद करून मी ऑरिनला म्हटलं, बघ, शेवटी लोकांना आठवण झाली. ऑरिन म्हणाला, "हं." चाळीस वर्षांच्या संसारात त्याचा 'हं' कधी चुकलेला नाही.

पहिली सभा मंडळाच्या हॉलमध्ये ठेवली. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी काय करावं याचा विचार करणारी सभा, आणि हॉल माशांच्या दुकानाच्या माडीवर, चौदा पायऱ्या. मला उचलून न्यायला चौघे जण खाली आले. त्यातल्या दोघांच्या पाठीची ऑपरेशनं झालेली. मी म्हटलं, बाबांनो, मला वर नेता नेता खुर्चीत बसणारे सभासद वाढतील. शेवटी मी गाडीतच बसले आणि सभा माडीवर भरली. मर्ल दर पाच मिनिटांनी खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "बाई, असं असं ठरतंय! पटलं तर एकदा हॉर्न, नाही तर दोनदा!" अशा सहा सभा झाल्या. पहिली दीड सभा आम्हाला म्हणायचं काय यातच गेली: अपंग, विकलांग, विशेष की आव्हानवीर. 'आव्हानवीर'ला मी इतका वेळ हॉर्न दाबून धरला की माशांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. वर त्याचा अर्थ 'एकमताने मंजूर' असा लावला गेला.

तिसऱ्या सभेत ठरलं की मला मचाण हवं. मला कोणी विचारलं नाही. ज्या उंचीवरून मी एकदा खाली आले आहे तिथे मला पुन्हा नेऊन बसवण्यात काहीतरी मोठा मानसिक विजय आहे, असं मर्लच्या बायकोने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आता मचाण बारा फूट उंच. खुर्चीला एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. ही सोयीची गोष्ट कोणीतरी शोधून काढली आणि मर्लने पाटीवर गुणाकार केला. एकशे चव्वेचाळीस फूट. इतर कोणी माणूस तिथे थांबला असता. मर्ल उठला आणि लाकडं आणायला गेला.

दादा, मंडळाच्या रानात आता जे उभं आहे ते एकदा बघायलाच हवंस. ओकच्या त्या जुन्या झाडापासून निघतं, तीन वळणं घेतं, ओढा ओलांडतं (ओढा ओलांडायची गरज नव्हती, पण सरळ रेषेत शेजारच्या डेव्हलिनांचं कुंपण आडवं आलं) आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतं. दोन्ही बाजूंना कठडे, कठड्यांना परावर्तक. तीन आठवडे वीस माणसं सकाळ-संध्याकाळ हातोडे मारत होती. गावातल्या सगळ्यांनी जीव ओतला, हे मी नाकारत नाही, आणि तेच तर माझं दुखणं आहे. वाईट माणसांवर चिडता येतं. तीन आठवड्यांच्या त्या ठोकाठोकीने हरणं तालुका सोडून गेली. राहिली एक साळिंदर, तिने कठड्याचा एक भाग खाल्ला.

ऑक्टोबरात आमच्यासाठी राखून ठेवलेले शिकारीचे दिवस आले. आदल्या बुधवारी मला रॅम्पवरून वर ढकलून नेलं. वर गेले, बघते तो मचाणाच्या खिडक्या उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंच. बसल्या जागेवरून मला फक्त आभाळ दिसत होतं. मी म्हटलं, "मर्ल, इथून मला विमानं मारता येतील." मर्लचा चेहरा असा पडला की मीच त्याची समजूत घालत बसले. एकशे चव्वेचाळीस फूट खाली येईपर्यंत घालत होते.

मग दोन दिवसांत जमिनीवर एक खोपटं उभं केलं. खिडकी बरोबर माझ्या खांद्याएवढी. (या वेळी मी हॉर्नवरचा हात काढलाच नव्हता.) पण दार दोन बोटं अरुंद. माप घेतलं होतं, पण ते मर्लच्या आईच्या खुर्चीचं, आणि ती बाई चिमणीएवढी. शेवटी एक भिंतच काढली. त्यामुळे खोपटं राहिलं नाही, नाटकाचा रंगमंच झाला. शेजारच्या गावच्या मंडळाकडून रणगाड्यासारखे पट्टे असलेली खुर्ची उसनी आणली. चिखलात चालते, बर्फात चालते, ओंडक्यावरून जाते. तिच्यात फक्त एकच खोट होती: मागे घेतली की पीं-पीं-पीं असं ओरडते, आणि ते बंद कसं करायचं ते पुस्तकाच्या हरवलेल्या पानावर होतं. बरं, नियमाप्रमाणे माझ्याबरोबर एक मदतनीस हवा. मर्लने स्वतःची नेमणूक केली. मग दुसरा माणूस हीटर सांभाळायला. तिसरा खुर्चीच्या बॅटरीसाठी. मर्लची बायको भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेली 'पाय' आणि कॉफी घेऊन. आणि आपल्या साप्ताहिकाची हेझल ग्रॅनबर्ग, कॅमेऱ्यासकट, कारण अशी बातमी गावात रोज घडत नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, दादा. इथे तर कुत्रंही आलं होतं. बॅटरीवाल्याचं.

शनिवारी सकाळी सहा माणसं आणि एक कुत्रं असे आम्ही त्या तीन भिंतींत बसलो. सगळे कुजबुजत होते. "बाई, गार नाही ना वाटत?" "लव्हॉन, पाय झाकलेत ना?" (पाय गार आहेत की नाहीत हे मला सोडून सगळ्यांना कळत होतं.) "कॉफी?" "पाय?" ही दुसरी 'पाय' भोपळ्याची. मी वाऱ्याची दिशा बघितली, तर वारा सरळ आमच्याकडून रानाकडे जात होता. त्याच वाटेवर मंडळाने माझ्या सोयीसाठी भाड्याने आणलेला निळा संडास उभा होता. हरणाला दोन मैलांवरून कळलं असेल की इथे काहीतरी मोठा समारंभ आहे.

आणि तरीही तो आला. कसा आला कोण जाणे, बहुधा बहिरा असावा आणि नाकही गेलेलं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, साठ पावलांवर, आडवा उभा. मला चार वर्षांत पहिल्यांदा छातीत ते झालं, दादा, तुला माहीत आहे काय ते. मी रायफल उचलली, खिडकीच्या कडेला टेकवली. तेवढ्यात मर्ल माझ्या कानाशी म्हणाला, "सावकाश, बाई. घाई नाही. तुम्हाला जमेल." मागून त्याची बायको हुंदका देऊन म्हणाली, "जमेलच." हेझलला माझा चेहरा नीट दिसेना म्हणून कोणीतरी प्रेमाने माझी खुर्ची हातभर मागे घेतली. पीं, पीं, पीं. नराने मान वर केली आणि आमच्याकडे असं बघितलं की मला लाजच वाटली. मग तो गेला. आणि दादा, यांनी टाळ्या वाजवल्या. मी नेम धरला होता ना, त्याबद्दल.

गुरुवारी साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला. माझी अर्धी टोपी दिसते, मर्ल पूर्ण दिसतो. खाली लिहिलंय, 'जिद्दीपुढे हरीणही हरले.' त्या दिवशी मी ऑरिनला सांगितलं, माझी रायफल विकून टाक. मी रागाने नव्हते बोलत. शांतपणे बोलले, म्हणून तो घाबरला. मी म्हटलं, मी खिडकीतच बरी. खिडकीत निदान कोणी टाळ्या वाजवत नाही. दोन दिवस मी पलंगावरून उठले नाही. आजवर हे कोणाला लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी ऑरिन आत आला तो नारिंगी टोपी घालून. तुझ्या मेहुण्याला टोपी कशी दिसते ते विचारू नकोस, मेणबत्तीसारखा दिसत होता. म्हणाला, "चल. आपल्याच रानात जाऊ. कोणाला सांगायचं नाही." मी म्हटलं, तुला रक्त बघवत नाही. तर म्हणतो, "मी तिकडे तोंड करून बसेन." मला साध्या खुर्चीत घालून, पिकअपमध्ये चढवून, बाबांच्या चाळीस एकरांतल्या मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला त्याने मला नेऊन ठेवलं. खोपटं नाही, हीटर नाही. पाठीशी एल्डरची झुडपं, तोंडावर वारा. मागे ओहोळाकडे थोडा उतार होता, तो मी बघितला होता आणि चालेल म्हटलं होतं. ऑरिन पाठ करून बसला. अर्ध्या तासाने म्हणाला, गाडीतून घोंगडी आणतो, आणि गेला. तो गेला आणि ती आली. एकटी मादी, या सालचं पिल्लू बरोबर नाही, नीट बघून घेतलं. नव्वद पावलं. मी नेम धरला आणि चाप ओढला.

पुढचं सांगायला मला दोन गोष्टी कबूल कराव्या लागतील. एक म्हणजे, बसून बार काढताना जो धक्का पायांनी जमिनीला द्यायचा असतो तो मी खुर्चीला दिला. खुर्ची उताराच्या बाजूने मागे उलटली आणि मी ओहोळात, पाठीवर, पाय वर, रायफल छातीशी घट्ट. (तोंड आभाळाकडे. मर्लला सांग, 'पुढच्या बाजूला' नव्हे.) दुसरी म्हणजे, खुर्ची हलल्यामुळे गोळी जरा मागे, पोटात लागली. मी पडता पडता पाहिलं. ती पाठ वाकवून, शेपूट खाली घालून पळाली. त्याचा अर्थ तुला सांगायला नको.

दादा, मी वीस मिनिटं तिथे पडून होते. पाणी चार बोटं होतं, पण बर्फाचं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते हे, की मी एक जनावर जखमी केलंय आणि मला त्याच्या मागे जाता येत नाही. बाबांनी आपल्याला नेम धरायच्याही आधी शिकवलं होतं की घायाळ जनावर सोडून जो घरी जेवायला येतो त्याला या घरात ताट मिळणार नाही. एकशे चव्वेचाळीस फूट रॅम्प बांधला, पण रक्ताच्या मागावर खुर्ची जात नाही, हे सहा सभांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. पडल्या पडल्या आभाळ बघताना आणखीही एक गोष्ट डोक्यात आली, पण ती मागाहून सांगेन, किंवा नाही सांगणार.

ऑरिन आला, किंचाळला, मला उचलून खुर्चीत घातलं, घोंगडीत गुंडाळलं आणि म्हणाला, "घरी." मी म्हटलं, "घरी नाही. ती जखमी आहे." मग मी काय बोलले ते नीट आठवत नाही. रडले एवढं आठवतं. इस्पितळातही त्याच्यासमोर रडले नव्हते. ऑरिनने घोंगडी माझ्या खांद्यांभोवती आणखी घट्ट ओढली. मग त्याने विचारलं, "काय शोधायचं असतं?" मी सांगितलं: पानांवरचा काळपट डाग बघ, पुढचा दिसेपर्यंत मागचा सोडू नकोस, प्रत्येक डागाशी चिंधी बांध. त्याने गळ्यातला मफलर दातांनी फाडायला घेतला. आईने विणलेला होता, फाटेना, म्हणून रुमाल फाडला. आणि तो गेला.

मला गाडीत हीटर लावून बसवलं होतं. दोन तास वाट बघितली. तो परत आला तेव्हा पिठासारखा पांढरा झाला होता आणि गुडघ्यापर्यंत दलदलीत भिजलेला. "सापडली," एवढंच म्हणाला. नंतर हळूहळू काढून घेतलं त्याच्याकडून. पहिल्या शंभर पावलांत दोनदा ओकला. दलदलीपाशी डाग संपले. मग तो डोळे मिटून उभा राहिला. चाळीस वर्षं तारा ऐकलेला कान आहे त्याचा. त्याला श्वास ऐकू आला. एल्डरच्या जाळीत ती पडली होती. त्याच्याकडे बंदूक नव्हती आणि असती तरी त्याला चालवता आली नसती. म्हणून तो तिच्याजवळ बसला, ती जाईपर्यंत. फार वेळ नाही लागला म्हणाला. मी विचारलं, बघवलं कसं? म्हणाला, "तुझ्या जागी बसलो होतो मी. तू असतीस तर बसली असतीस ना?"

मी माझी घोंगडी त्याच्या भिजलेल्या पायांवर टाकली.

तिला ओढून आणायला मर्लला बोलवावं लागलं. तो एकटा आला. बायको नाही, हेझल नाही, कुत्रं नाही. कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, मला आधी नाही सांगायचंत?" तिला आणून पिकअपचं मागचं फळकं पाडून त्यावर ठेवली, आणि बघते तर काय, ते फळकं बरोबर माझ्या मांडीच्या वर, स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखं. मी बाह्या सरसावल्या, सुरी मागितली आणि पोट फाडून सगळं काम माझ्या हातांनी केलं, बाबांनी दाखवलं होतं तसं. ऑरिन तिकडे तोंड करून उभा होता. साऱ्या मोहिमेत माझ्या मापाची निघाली ती एवढी एकच वस्तू, आणि ती सव्वीस वर्षं आमच्या दारात उभी होती. मर्लने टोपी काढून हातात घेतली. मग ऑगस्टपासून पहिल्यांदा त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला नक्की काय हवं होतं?"

"माग काढणारा माणूस," मी म्हटलं. "आणि तोंड बंद ठेवणारा."

मर्ल विचार करून म्हणाला, "पहिलं मी शिकेन."

असो. पत्र लांबलं. आमचं हे असं चाललंय. वहिनीला नमस्कार. तिच्या दम्यासाठी ओव्याची वाफ म्हणून ऑरिन सुचवतो, त्याचं ऐकू नये. तू आपल्या कोरड्या हवेत सुखी राहा, आमची काळजी करू नकोस. आम्हाला कशाचीही गरज नाही.

तुझी धाकटी,
लव्हॉन

ता. क. मोठा मोसम एकवीस तारखेला उघडतो. मदतनिसाचा अर्ज मी काल भरून टाकला. त्यावर नाव तुझं आहे. सहीही तुझी आहे. (मी केली. तुझ्या 'ड'ला शेपूट कुठे येतं ते मला अजून आठवतं.) ऑरिन पुन्हा जायला तयार आहे, हीच अडचण आहे. त्या रविवारपासून तो जेवताना मधेच काटा खाली ठेवतो. त्याला पुन्हा पाठवणं माझ्याच्याने होणार नाही. रक्ताचा माग तुझ्याइतका या भागात कोणाला काढता येत नाही, आणि तू बोलतही नाहीस. गेली चार वर्षं तर मुळीच नाही.

आणखी एक ता. क. त्या अर्जात एक रकाना आहे: 'पूर्वी शिकारीत अपघात झाला असल्यास त्याचे कारण.' आजवर जिथे जिथे विचारलं तिथे मी 'मचाणाची फळी सरकली' असं लिहीत आले. परवा लिहायला घेतलं आणि हात थांबला. फळी सरकली नव्हती, दादा. तुझ्या हातची फळी कधी सरकली आहे? माझ्या अंगावर पट्टा होता, पण त्याचं हूक झाडाला लावलं नव्हतं. लावायचं तर हातमोजा काढावा लागतो, आणि थंडी होती. म्हटलं, आधी दोन घोट कॉफी पिऊ. थर्मास घ्यायला वाकले आणि गेले. एकोणीस वर्षं जिने गावातल्या प्रत्येक पोराला 'आधी हूक, मग बाकी सगळं' असं शंभर शंभर वेळा लिहायला लावलं तिला, इस्पितळाच्या दाराशी तीच पोरं उभी असताना, हे सांगण्याची लाज वाटली. फळीला लाज वाटत नाही, म्हणून तिच्यावर ढकललं. मला वाटलं, चार दिवसांनी तुला एकट्याला खरं सांगेन. पण ऑपरेशननंतर मी शुद्धीवर येऊन धड बोलायला लागेपर्यंत तू सगळं जाळून बसला होतास. मग एकेक दिवस अवघड होत गेला, आणि तू गेलास.

आता तुला राग येईल. यायलाच हवा. पण चार वर्षांचा राग आहे, तो फोनवर मावणार नाही, आणि पत्रात लिहिलास तर मी ते ऑरिनला वाचायला देणार नाही आणि एकटीला मला ते झेपणार नाही. इथे ये आणि समोर बसून रागव. शनिवारी पहाटे साडेपाचला रानात जायचंय, तेव्हा शुक्रवारी जेवणाआधी काय ते रागावून संपव.